पाळणाघरातल्या आईबाबांना खुलं पत्र: बटण निघत नाही ना!

आईबाबा लोकहो,

मुलांना पाळणाघरात काय घालून पाठवायचं, कपडे आणि पायातलं, हे ग्रुपवर टाकलं असतं तर नेहमीसारखे १२ अंगठे आणि ३ नमस्कार आले असते आणि दुसऱ्या दिवशी परत तीच टाइट जीन्स दारात उभी राहिली असती, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्याकडे मुलं ठेवणाऱ्यांसाठी तर आहेच, पण ज्यांची मुलं दुसऱ्या पाळणाघरात, प्लेग्रुपला, बालवाडीला जातात त्यांनी पण वाचा, शू सगळ्यांना सारखीच लागते.

डोंबिवलीत २००१ पासून पाळणाघर चालवतेय. सध्या १६ मुलं आहेत, सगळ्यात धाकटं दीड वर्षाचं आणि मोठ्यात मोठी पाच पूर्ण झालेली. सकाळी सव्वासातला पहिलं मूल येतं कारण आईला फास्ट पकडायची असते, आणि शेवटचं जातं रात्री आठला, गाड्या लेट असतील तर त्याच्याही नंतर. म्हणजे तुम्ही सकाळी झोपाळलेल्या पोराला जे घालता ते बारा-साडेबारा तास त्याच्या अंगावर असतं. ऑफिसला जाताना तुम्ही स्वतः बारा तास बसवेल असे कपडे निवडता ना? मग त्याच्या बाबतीतच फक्त गेटवर कसा दिसेल एवढंच का बघता, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर ती जीन्सची गोष्ट सांगते. साडेतीन वर्षांची मुलगी, बडबडी, घरी डायपर सुटून सहा महिने झालेले. आमच्याकडे आली आणि महिनाभर रोज एकदा तरी कपड्यात शू. आई बिचारी कानकोंडी व्हायची, संध्याकाळी ओल्या कपड्यांची पिशवी घेताना सॉरी सॉरी म्हणायची. डॉक्टर झाले, लघवी तपासली, सगळं नॉर्मल. मग आमच्या मदतनीस ताईंच्या लक्षात आलं की ही पोरगी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही, बाटली जशी येते तशी जाते. जवळ घेऊन विचारलं, पाणी का नाही पीत गं? तर म्हणे, "मग शू येते." मग येऊ दे की! तर हळूच म्हणाली, "बटण निघत नाही ना."

एवढंच होतं ते. जीन्सचं पितळी बटण. मी स्वतः काढून बघितलं तर मलाही दोन्ही अंगठे लावून जोर करावा लागला, नवीन कापड, काज घट्ट, त्यात जेवण झाल्यावर पोट फुगलेलं. साडेतीन वर्षांच्या बोटांत ती ताकद नसते हो. ताई येईपर्यंत धरून ठेवायचं, ताई दुसऱ्याला भरवत असणार, आणि मग व्हायचं ते व्हायचं. वर चारचौघांत ओली चड्डी. तिने स्वतःच्या डोक्याने उपाय काढला की पाणीच प्यायचं नाही. घरी कशी होत नव्हती? घरी ती चड्डी आणि बनियनवर असायची! दुसऱ्या दिवसापासून इलॅस्टिकची पायजमी घातली आणि आठवड्याभरात प्रश्न संपला, औषध ना पाणी. पाणी मात्र प्यायला लागली.

तेव्हापासून माझी एकच परीक्षा आहे. मूल शू लागली म्हणून सांगतं तिथपासून मी दहा आकडे मोजते, तेवढ्यात त्याला स्वतःला खाली ओढता आलं पाहिजे. पास झालेले कपडे घाला, नापास झालेले लग्नाला ठेवा. डंगरी नापास. खांद्यावरचे ते दोन हुक काढायचे, मग सगळं खाली, मग पट्टे त्या ओल्या फरशीवर लोळणार आणि तेच परत खांद्यावर चढणार, विचार करा जरा. जंपसूट नापास, पाठीमागे चेन असलेलं काहीही नापास. बेल्ट तर बोलूच नका, चार वर्षांच्या पोराला बेल्ट कशाला लागतो, त्याचं पोटच बेल्ट आहे. नाडीची पायजमी दिसायला गरीब पण सगळ्यात डेंजर, नाडीला निरगाठ बसली की कात्री आणावी लागते, आणि मी आणलेली आहे.

कोणी म्हणेल मग बटण लावायला शिकणार कधी? बरोबर प्रश्न आहे. मी दादरला कोर्स केला तेव्हा आम्हाला त्या लाकडी चौकटी दाखवल्या होत्या, दोन बाजूंनी कापड ताणलेलं आणि मधे कुठे बटणं, कुठे टिचबटणं, कुठे चेन, कुठे बक्कल, कुठे फितीची गाठ. माँटेसरीबाईंची आयडिया ती. बाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर काढलं आणि १९३९ मध्ये त्या भारतात आल्या, इथे मद्रासला कितीतरी वर्षं राहून शिक्षक तयार केले. त्यातली खुबी काय, तर बटण शिकायचं ते चौकटीवर, शांत बसून, मोठ्या बटणावर, वाटेल तितक्या वेळा चुकून. पोटात कळ आलेली असताना बाथरूमच्या दारात उभं राहून कोणी शिकत नाही. आमच्याकडे तशी एक चौकट आहे, घरच्या घरी माझ्या जुन्या ब्लाउजांची केलेली, आणि मुलं त्यावर अर्धा अर्धा तास रमतात. घरी रविवारी तुमचा शर्ट त्याला घाला आणि लावू द्या बटणं, पुढून दिसतात, मोठी असतात, घाई नसते.

आता ते ज्यादा कपड्यांचं. नियमात लिहिलंय दोन जोड आणि तीन चड्ड्या पिशवीत पाहिजेत, आणि दर वर्षी कोणीतरी विचारतं की डायपर आहे तर दोन जोड कशाला. कशाला ते सांगते. २६ जुलै २००५. मुंबईकडच्या जुन्या लोकांना वेगळं सांगायला नको, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. दुपारनंतर गाड्या बंद, फोन लागेनात, संध्याकाळी आमचे लाइटही गेले. तेव्हा माझ्याकडे नऊ मुलं होती, दोघांचे आजोबा चालत आले आणि घेऊन गेले, सात रात्रभर राहिली. एक बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी रुळांवरून चालत आले, गुडघ्यापर्यंत चिखल, पायात एकच बूट. तर रात्री नऊपर्यंत सातही जणांचे होते नव्हते ते सगळे कपडे भिजलेले किंवा भरलेले, वाळायला हवा नाही, मेणबत्तीच्या उजेडात मी आमच्या ह्यांचे सगळे धुतलेले बनियन काढले आणि एकेकाला घातले. गळे एवढे मोठे की खांद्यावरून घसरत होते, पाठीमागे गाठ मारून बसवले. सात बुटके आजोबा चटईवर ओळीने झोपलेत असं दिसत होतं. आता हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं. त्यानंतर दोन जोडांचा नियम झाला आणि गाड्या आजही बंद पडतात, दर पावसाळ्यात एखाददा तरी पडतातच, म्हणून तो नियम जाणार नाही. आणि ते जोड अधूनमधून बदला, जूनमध्ये ठेवलेली पँट जानेवारीत काढली की ती थ्रीफोर्थ झालेली असते.

पावसाळ्याचं निघालंच आहे तर अजून एक. उन्हाळ्यात बिनबाह्यांचं झबलं आणि चड्डी एकदम बेस्ट, पण जुलै ते ऑक्टोबर पातळ सुती फुल पायजमी आणि लांब बाह्यांचा शर्ट द्या, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे मूल घरी तुमच्या मच्छरदाणीत असताना नाही तर माझ्याकडे असताना. आम्ही जाळ्या लावल्यात, कुंड्यांखालच्या ताटल्या रोज उपड्या करतो, पण सोसायटीच्या टाकीवर माझा हुकूम चालत नाही. सुतीच का, तर पॉलिस्टरखाली या दमट हवेत घामोळं येतं आणि डायपरच्या कडेला लाल होतं, मग तुम्हीच विचारता की तुमच्याकडे नीट पुसत नाहीत का. थंडीचं टेन्शन मात्र सोडा. डोंबिवलीत थंडी मोजून आठ-दहा दिवस, त्यातही सकाळी. सव्वासातला माकडटोपी, स्वेटर, आत थर्मल असं पोर येतं आणि अकराला घामाने चिंब. दोन पातळ घाला, एक आम्ही काढू.

बरं, पायात काय.

घरात आमच्याकडे सगळे अनवाणी, चपला बाहेर स्टँडवर. सुरुवातीला काही जणांना ते गरिबीचं लक्षण वाटतं, पाय थंड पडतील म्हणून सॉक्स घालून पाठवतात. अहो, त्या गुळगुळीत टाइल्सवर सॉक्स घालून पळणारं मूल म्हणजे नुसता घसरगुंडीचा कार्यक्रम, मागच्या डिसेंबरात एकाची हनुवटी फुटता फुटता राहिली. स्वच्छ कोरड्या फरशीवर अनवाणी चालण्यात काही वाईट नाही, उलट चांगलंच, पायाची बोटं फरशी पकडतात आणि तोल सांभाळायला शिकतात. लहान पाऊल तसं अजून घडत असतं, बऱ्याच भागात हाड नसून मऊ, लवचिक कूर्चाच असते, म्हणून चुकीच्या बुटात दाबलं तरी मूल लगेच दुखतंय म्हणत नाही. आणि तळवा सपाट दिसतो म्हणून दोन वर्षांच्या बाळाला कोणी आत उंचवटा असलेले महागडे बूट आणू नका, त्या वयात तिथे चरबीची गादी असते, कमान पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू दिसायला लागते. दुखत असेल, लंगडत असेल तर डॉक्टर, बुटांच्या दुकानदाराचं ऐकू नका.

बाहेरचं पायताण म्हणाल तर मागे पट्टा असलेली, पुढून बंद, वेल्क्रोची सँडल. संपला विषय. लेस नको, लेसची गाठ बांधणं पाच-सहा वर्षांच्या आधी बहुतेकांना जमत नाही आणि १६ पोरांच्या ३२ लेस बांधायला मी किंवा ताई रिकाम्या नाही आहोत. वेल्क्रोत केस आणि धागे अडकून तो पकडेनासा होतो, तेव्हा फेकू नका, जुन्या दातांच्या ब्रशने खसाखसा साफ करा, परत चिकटतो. सपाता नकोत, जिना उतरताना पायातून निसटतात. ते मऊ भोकांचे क्लॉग आवडतात मुलांना, मान्य, स्वतःचे स्वतः घालता येतात हेही मान्य, पण मागचा पट्टा टाचेवर पाहिजे, पुढे कपाळावर घेतल्यासारखा उलटा नको, आणि ते घालून मॉलच्या सरकत्या जिन्यावर जाताना मुलाचा हात धरून पायरीच्या मधोमध उभं करा, मऊ रबर कडेच्या फटीत ओढलं जातं. त्यावर लावायच्या त्या छोट्या छोट्या रबरी गमती काढून ठेवा, दीड वर्षाचं धाकटं ते सरळ तोंडात घालतं.

आणि लाइटवाले बूट. माहितीये, पोरं हट्ट करतात. पण सोल फाटला की आत काय असतं बघितलंय का कधी? बटणासारखा चपटा सेल. गेल्या वर्षी एका बुटाच्या टाचेतून तो सेल बाहेर डोकावत होता आणि शेजारी आमचं रांगणारं बाळ बसलेलं, मी असा झडप घालून बूट उचलला की ताई घाबरल्या. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जाळायला लागतो, काही लक्षण दिसायची वाट बघायची नसते, सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं. त्या दिवसापासून लाइटवाले बूट माझ्या दारात बंद. चर्चा नाही यावर. पीं-पीं वाजणाऱ्या बुटांबद्दल मात्र माझं काही वैद्यकीय म्हणणं नाही, फक्त माझ्या डोक्याचा विचार करा आणि ती शिट्टी सुईने काढून टाका.

साइझ बघताना अजून एक भानगड होते. "वाढतं अंग आहे" म्हणून दोन नंबर मोठा घेतात आणि पुढे कापूस कोंबतात, नाहीतर आवडता बूट म्हणून बोटं वाकवून आठ महिने तोच चालवतात. घरी करा हे: संध्याकाळी मुलाला पुठ्ठ्यावर उभं करा, दोन्ही पावलं पेन्सिलने काढा, कापा, आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे तुमच्या हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरेल असा बूट घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी परत. मोठ्या भावाचे, मावसबहिणीचे जुने कपडे अगदी खुशाल घाला, धुऊन धुऊन मऊ झालेले असतात, मला तर तेच आवडतात. पण जुने बूट शक्यतो नको, पहिल्याच्या पायाचा आकार त्यात बसलेला असतो आणि सोल एका बाजूने झिजलेला असतो. आणि डावा-उजवा कळत नसेल तर एक मोठं स्टिकर मधोमध कापा, अर्धं या बुटात, अर्धं त्या बुटात, हत्ती पूर्ण दिसला की बूट बरोबर. आमच्याकडे तीन वर्षांची मुलं हत्ती जुळवून बूट घालतात आणि बाहेर निघताना मला कोणाला हातसुद्धा लावावा लागत नाही.

आता थोडं आज्यांशी बोलते, कारण गळ्यातल्या गोष्टी आईच्या हातात नसतात हे मला चांगलं ठाऊक आहे. आजी, दृष्ट लागते यावर मी वाद घालत नाही, माझ्या सासूबाईंनी माझ्या दोन्ही पोरांना हातभर काळे मणी घातले होते. पण दुपारी दोन तास मुलं झोपतात, कुशी बदलतात, गळ्यात काळा दोरा आणि त्याला ताईत असला की तो कुठे अडकेल सांगता येत नाही. करदोटा राहू दे, फक्त बोट जाईल इतका सैल ठेवा. तीट लावायचं तर पायाच्या तळव्याला लावा, तिथेही चालतं असं आमच्या सासूबाईच सांगायच्या. वाळ्यांचे घुंगरू निघतात आणि नाकात जातात, हे एकदा झालंय, शेंगदाण्याएवढा घुंगरू होता आणि तो काढायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं लागलं. आणि फ्रॉकला रुमाल अडकवायला सेफ्टी पिन, ती तर नकोच नको.

तसंच टोपीच्या स्वेटरची ती पुढे लोंबणारी दोरी. घसरगुंडीच्या वरच्या टोकाला दोरीचा गोंडा अडकतो आणि मूल खाली सुटतं, पुढचं मी लिहीत नाही. अमेरिकेत अशा घटना घडल्यावर १९९६ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मुलांच्या जॅकेटच्या टोपीला दोरी नको अशा सूचना काढल्या. आपल्याकडे बाजारात सर्रास मिळतात असे स्वेटर. घरी आणलात की पहिल्याच दिवशी दोरी ओढून काढून टाका, पाच सेकंदांचं काम आहे.

इथपर्यंत सगळं तुम्हाला सुनावलं, आता माझंही सांगते. मीही यात आहे. सकाळी मूल दारात आलं की माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघायचं, तर "अगंबाई, कित्ती छान फ्रॉक!" रोज, वर्षानुवर्षं. आणि मग एक दिवस रंगांच्या वेळी एक चार वर्षांची मुलगी हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी. ये ना, ठसे मारायचेत. नाही म्हणे. टिकल्या टिकल्यांचा जांभळा नेटचा फ्रॉक होता अंगावर, काखेत टिकल्या घासून लाल झालेलं. "घाण झाला तर तू छान म्हणणार नाहीस." आई ओरडेल म्हणाली असती तर मी तुमच्यावर ढकललं असतं, पण ती माझं नाव घेत होती. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, आज सांगतेय. आता मी दारात नावाने हाक मारते आणि काय खाल्लंस विचारते, कपड्याबद्दल बोलत नाही, पण जुनी सवय आहे, अजूनही जीभ चावावी लागते.

सणांच्या फोटोंचंही तेच. आषाढीला दिंडी काढायची म्हणून मीच सांगायचे धोतर आणि नऊवारी घालून पाठवा, आणि ती शिवलेली चकचकीत सॅटिनची नऊवारी दिवसभर त्या एवढ्याशा विठूभक्ताच्या अंगावर, ना बसता येत ना शू करता येत. बोरन्हाणाला काळा कपडा आणि हलव्याचे दागिने घालून सकाळपासून बसवलेली मुलं, गळ्याला टोचतंय, मुंग्या येतायत, आणि आम्ही मोबाइल घेऊन "इकडे बघ, हस!" यंदापासून बदल असा की रोजच्याच कपड्यांत पाठवा, वरचा ड्रेस पिशवीत द्या. अर्धा तास घालू, नाचू, फोटो काढू, उतरवून घडी करून परत पिशवीत. तुळस डोक्यावर घ्यायला नऊवारी लागतेच असं नाही, चड्डीतही पांडुरंग चालवून घेईल.

मुलींच्या फ्रॉकखाली सायकलिंग शॉर्ट द्या, एवढं मात्र द्याच. फ्रॉक वर जातो म्हणून मुलगी जंगलजिमवर चढायची थांबते, आणि चार वर्षांच्या पोरीला "नीट बस" कोणी म्हणावं असं माझ्या घरात तरी मला नको आहे.

खर्चाचं म्हणाल तर यात काही खर्च नाही, उलट वाचतो. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या साध्या सुती पायजम्या, मामाकडचे जुने टी-शर्ट, एक वेल्क्रोची सँडल, पावसाळ्यासाठी एक चप्पल जी भिजून लगेच वाळते. गमबूट आणू नका, आत पाणी गेलं की दिवसभर वाळत नाहीत आणि तो वास, देवा. रेनकोटही पाठीवर दप्तर मावेल असा ढगळ घेऊ नका, पायात येतो. सगळ्यावर आतून नाव लिहा, लाँड्रीवाला वापरतो तसल्या न जाणाऱ्या पेनने, कपड्यांवर पण आणि चपलांवर पण, कारण १६ पैकी ५ जणांकडे तीच निळी डायनासोरची चप्पल आहे.

सोमवारपासून दारात मी दहा आकडे मोजणार आहे, मुलांना खेळ म्हणून सांगितलंय, त्यांना मजा वाटतेय. नापास झालेल्याला रागावणार नाही, माझ्याकडची इलॅस्टिकची पायजमी घालीन आणि जीन्स तुमच्या हातात देईन, जाताना घेऊन जा ऑफिसला.

आणि त्या डायनासोरच्या चपलेवरून आठवलं, गेल्या मंगळवारपासून आमच्या स्टँडवर दोन डाव्या आहेत. कोणाच्या तरी घरी दोन उजव्या असणार. पोरगं बोललं नसेल, तुम्ही जरा बघा.

तुमची,
पाळणाघरवाली मावशी, डोंबिवली